फोटो रेखीव का येत नाही?



आता खेड्यापाड्यांतूनही बहुतेक घरी मोबाइल आहे, आणि मोबाइल आहे तेथे कॅमेराही आहे. २०२१ सालापासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची फोटोसह नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्याच हाती आले. कपाशीच्या बोंडात अळी दिसली की फोटो काढून जाणकाराकडे धाडणे, हेही आपल्या अंगवळणी पडले आहे. असा फोटो म्हणजे एक साक्षीदारच होय. साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला, तर पंचांनी निवाडा कसा करावा? अळी गुलाबी की हिरवी, हेच उमगले नाही तर उपाय कोणता सांगावा?

फोटो धूसर आला की आपण कॅमेऱ्याला बोल लावतो. पण पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. धूसरपणाचे मुख्य प्रकार तीन. त्यांतला कोणता, हे ओळखले की उपाय सापडतो.

पहिला प्रकार असा की, सबंध फोटोच फरपटल्यासारखा दिसतो. येथे आपला हात हललेला असतो. बाहेरच्या लख्ख उन्हात सेकंदाचा पाचशेवा भागसुद्धा फोटोला पुरतो. पण बीडच्या कंकालेश्वर मंदिरात आत गेलात, तर उजेड कमी; म्हणून कॅमेरा तेवढाच उजेड गोळा करावयास अधिक वेळ घेतो, सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग म्हणा ना. तेवढ्यात हात हलला की मूर्तीचे नाकडोळे पुसले गेलेच! अशा वेळी दोन्ही कोपरे बरगड्यांशी टेकवावीत, खांबाला पाठ लावावी आणि श्वास क्षणभर रोखावा. मोबाइलमध्ये दोन-तीन सेकंदांनी आपोआप फोटो काढण्याची सोय असते, ती वापरावी. म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात झाड, बांध, दगड सारे स्वच्छ, फक्त मोर तेवढा पुसट. म्हणजे हात स्थिर होता, मोर हलला. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तेथे मोर थबकेपर्यंत वाट पाहावी, आणि उजेड भरपूर असावा. पिकाचेही तसेच. वाऱ्यावर पान डोलत असेल तर झुळूक ओसरू द्यावी, किंवा दुसऱ्या हाताने फांदी धरावी.

तिसरा प्रकार फोकस चुकल्याचा. अळी धूसर आणि मागचे ढेकूळ मात्र ठसठशीत! आत्ता बसल्या जागी एक प्रयोग करून पाहा. एक डोळा मिटा, बोट वीतभर अंतरावर धरा आणि बोटाकडे पाहा. समोरची भिंत पुसट होईल. भिंतीकडे पाहा, बोट पुसट होईल. भिंगाचेही असेच असते. ते एका वेळी एकाच अंतरावर नेमके पाहते. कोणत्या अंतरावर, ते आपण सांगावयाचे. मोबाइलच्या काचेवर जेथे अळी दिसते तेथेच बोट टेकवावे. तरी ऐकत नसेल, तर बोंडामागे आपला तळहात आडवा धरावा, म्हणजे कॅमेऱ्याची नजर मागे पळत नाही. आणि फार जवळ जाऊ नये. अगदी जवळचे भिंगाला दिसत नाही. थोडे मागे सरावे.

या सर्वांआधी एक काम करावे. भिंग मऊ, धुतलेल्या सुती कापडाने पुसावे. खिशातली धूळ आणि बोटांचे तेल यांनी चांगला कॅमेराही आंधळा होतो.

गुरुजनांना एक विनंती. वर्गाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावा. तीन पावलांवरून मुलांना तीन फोटो काढू द्या : एका हाताने, दोन हातांनी, आणि दाराच्या चौकटीला टेकून. मग कोणत्या फोटोत किती बारीक अक्षर वाचता येते, ते त्यांनाच पाहू द्या. हात बसला की त्यांना गावातल्या वीरगळाकडे किंवा शिलालेखाकडे न्या. सकाळचे तिरपे ऊन दगडावर पडले की कोरीव रेघेत सावली भरते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते.

आणि फोटो काढला की तेथेच तो मोठा करून पाहा. धूसर असेल तर लगेच दुसरा काढा. शिलालेख उद्याही तेथेच सापडेल. पण बोंडातली अळी आणि रात्रीच्या पावसाने आडवे झालेले पीक घरी जाऊन परत येईपर्यंत तसेच राहील, असे नाही.