शहराचा स्वतःचा आवाज

३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे ‘रेडिओ सिटी’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. खाजगी मालकीचे, जाहिरातींवर जगणारे असे हे देशातील पहिले एफ. एम. केंद्र होय. खाजगी नभोवाणी मात्र अगदीच अपूर्व नव्हती. १९२७ साली मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने तो प्रयोग केला होता. १९३० साली ती बुडाली. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला, तेव्हा कुठे दार किलकिले झाले.

दार उघडले ते लिलावाने. उत्पन्न वाढो वा न वाढो, परवान्याची रक्कम दरवर्षी शेकडा १५ ने वाढायची! हिशेब सावकाराला शोभावा असा. देऊ केलेल्या १०८ लहरींपैकी अवघी २१ केंद्रे बोलू लागली. २००५ साली सरकारने उत्पन्नातील शेकडा ४ हिस्सा घेण्याचे मान्य केले आणि कोल्हापूर, सोलापूर, नाशिक येथेही अशी केंद्रे निघाली.

एफ. एम. ची लहर सरळ रेषेत जाते, फार दूर पोचत नाही. म्हणजे स्वभावानेच ती एका गावाची. परंतु गावाची बातमी स्वतः सांगण्याची या केंद्रांना मुभा मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची सवलत तेवढी दिली. पूर आला तर पुलावरील वाहतूक बंद आहे, एवढे निवेदकाने सांगावे. ओढा कोणी बुजवला, हे त्याने विचारू नये.