पाच घरं, सव्वीस अक्षरं



पत्रिकेत विषय वाचून काहींना वाटलं असेल, की हा गृहस्थ आता इंग्रजीचा तास घेणार. निर्धास्त राहा. या खेळाला फार इंग्रजी लागत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खेळ वर्डलचा. तुमच्यापैकी पुष्कळजण सकाळच्या चहाबरोबर तो खेळत असणार, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. आपणही दर वेळी पाच अक्षरी खराखुरा शब्दच लिहायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर ते हिरवं होतं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसलंच तर करडं.

सव्वीस अक्षरं पाच घरांत हवी तशी मांडली, तर १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ मांडण्या होतात. त्यांत शब्द म्हणता येतील अशा बारा-तेरा हजार. म्हणजे हजारात एखादी. (आपल्या मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात ‘स्त्री’ अख्खी बसते. तिथे हा हिशोब मांडायला मी बसणार नाही.)

जोश वॉर्डल या संगणक अभियंत्याने २०१३ मध्ये पहिला कच्चा खेळ केला, तेव्हा हे सगळे शब्द उत्तरं म्हणून ठेवले होते. मजा येईना. ज्या शब्दाचं अस्तित्वच आपल्याला ठाऊक नाही, तो ओळखण्यात कसला आनंद? पुढे त्याची जोडीदार पलक शाह हिने एकेक शब्द चाळला: हा माहीत आहे, हा बहुधा ऐकलाय, हा माहीत नाही. सुमारे अडीच हजार उरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला खेळणारे ९० होते, दोन महिन्यांनी तीन लाख. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सात आकडी डॉलर मोजून तो विकत घेतला. माझ्या मते या खेळातली खरी कारागिरी त्या चाळणीत आहे. रंगीत चौकोन कुणालाही सुचले असते.

चाळणीतून आणखी एक गोष्ट गळली. चार अक्षरी नामाला नुसता ‘एस’ जोडून केलेली अनेकवचनं उत्तरात जवळजवळ येतच नाहीत. अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायचा स्क्रॅबल हा खेळ रचणाऱ्या आल्फ्रेड बट्सलाही ‘एस’ची धास्ती होती. वर्तमानपत्रात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून त्याने सोंगट्या ठरवल्या, पण ‘एस’च्या मात्र मुद्दाम चारच ठेवल्या. ‘ई’च्या बारा आहेत! ‘एस’ सढळ हाताने दिला असता, तर दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून गुण लाटणाऱ्यांचं फावलं असतं.

आता डावपेचाकडे येऊ. मूळ यादीत २,३१५ उत्तरं होती. नुसते ‘हो की नाही’ असे प्रश्न विचारून त्यांतलं एक हुडकायचं, तर अकरा प्रश्नांनी २,०४८ शब्दांपर्यंतच पोचता येतं, बारावा लागतो. माहिती अशी प्रश्नांत मोजायची पद्धत बेल प्रयोगशाळेच्या क्लॉड शॅननने १९४८ मध्ये नीट बसवून दिली. वर्डलमध्ये एका शब्दाला रंगांची उत्तरं २३८ प्रकारची मिळू शकतात. गणिताने २४३ येतात, पण चार हिरवी आणि पाचवं पिवळं हे घडणंच शक्य नाही, म्हणून पाच वजा. म्हणजे प्रत्येक शब्द हा एक प्रश्न आहे. ज्याच्या उत्तराने उरलेली यादी बारीक तुकड्यांत फुटेल, तो प्रश्न चांगला. म्हणून जाणते लोक सुरुवातीला ‘ई’, ‘ए’, ‘आर’, ‘टी’ अशी वारंवार येणारी अक्षरं लावून पाहतात. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांना कोणी विचारत नाही.

इथवर सोपं आहे. फजिती पुढे होते, आणि ती चांगलं इंग्रजी येणाऱ्यांची जास्त होते. समजा दुसऱ्याच खेपेला शेवटची चार घरं हिरवी झाली: आय, जी, एच, टी. आनंदीआनंद! फक्त पहिलं अक्षर हवं. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट, असे नेहमीचे आठ शब्द समोर उभे. हातात संधी चार. एकेक शब्द लावून पाहिला, तर हरण्याची शक्यता बरोबर निम्मी.

त्यापेक्षा ‘फिल्म्स’ लिहा. तो उत्तर असूच शकत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण त्यात एफ, एल, एम आणि एस ही चारही अक्षरं एकदम तपासली जातात. एखादं रंगलं, तर शब्द हाती आला. एकही रंगलं नाही, तर उरले नाइट, राइट, टाइट आणि एट. मग ‘इंटर’, म्हणजे पुरणे या अर्थाचं क्रियापद, लिहा. एन रंगला तर नाइट, ई रंगला तर एट, आर रंगला तर राइट, तिन्ही करडी राहिली तर टाइट. तिसऱ्या शब्दाला उत्तर पक्कं, आणि वर एक संधी शिल्लक.

खेळाला ‘हार्ड मोड’ नावाचं एक कलम आहे. त्यात मिळालेली हिरवी-पिवळी अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, म्हणजे ‘फिल्म्स’ला बंदी. ते कलम लावून खेळणाऱ्यांनी ही ‘आय, जी, एच, टी’ची शेपूट पहिल्या दोन खेपांत स्वतःहून अंगावर ओढवून घेऊ नये; आधी सुरुवातीची अक्षरं तपासून घ्यावीत.