रिकाम्या इंजिनाची ओळख



मराठीच्या प्राध्यापकाने रेल्वेच्या इंजिनावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हां मुलांना नामपल्ली स्थानकावर नेऊन इंजिनावरची अक्षरे वाचावयास लावीत. आजचा विषय त्यांचाच आहे.

अक्षरे सोपी आहेत. डब्ल्यूएपी-७ मधील डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, ए म्हणजे विजेचा एक प्रकार, पी म्हणजे प्रवासी गाडी. पी च्या जागी जी आला की मालगाडी. परंतु इंजिनास आज्ञा कोण देतो, हे या अक्षरांत नसते. आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. इंजिनात माणूस दिसला नाही की ते उभे आहे, असे आम्ही धरून चालत असू. ही समजूत आता प्राणघातक ठरू शकते.

अमेरिका व कॅनडातील यार्डांत कमरपट्ट्यास नियंत्रणपेटी अडकवलेला कर्मचारी जमिनीवरून इंजिन हलवितो. आपल्याकडील लांब मालगाड्यांत मधल्या वा मागच्या इंजिनास पुढच्या इंजिनातून रेडिओने आज्ञा जाते. ब्रेकच्या नळीतील हवा मागचे इंजिनही सोडते, त्यामुळे ब्रेक शेपटापर्यंत लवकर पोहोचतो. अशा इंजिनाच्या छतावर अँटेना असते. पण अँटेना दिसली म्हणून इंजिन दूरनियंत्रित, असे म्हणता येत नाही. येथे मुले हमखास फसतात (आणि प्राध्यापकही).

याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. दक्षिण मध्य रेल्वेवर प्रथम अजमावली गेलेली ‘कवच’ यंत्रणा. तिच्याही अँटेना छतावर असतात. चालकासमोर एक पडदा, ब्रेकशी जोडलेला एक संच आणि इंजिनाच्या पोटाखाली एक वाचक. स्लीपरवर बसविलेल्या खुणपट्ट्या तो वाचतो आणि गाडी नेमकी कोठे आहे हे यंत्रणेस कळते. ४ मार्च २०२२ रोजी गुल्लागुडा–चिटगिड्डा दरम्यान एकाच मार्गावर समोरासमोर आणलेल्या गाड्यांची चाचणी झाली, तेव्हा रेल्वेमंत्री बसलेले इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटर अंतरावर आपोआप थांबले. तरीही कवच इंजिन चालवीत नाही. चालवितो चालकच, तो चुकला तर कवच ब्रेक लावते. दूरनियंत्रणात आज्ञा बाहेरून येते, कवचात अटकाव येतो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणून नावे नीट वापरावीत, असा माझा हट्ट आहे. वृत्तपत्रे दोहोंस सरसकट ‘स्वयंचलित’ म्हणतात, ते मला पटत नाही.

नामपल्लीची इमारत १९०७ सालची. येथे रूळ संपतात, त्यामुळे आलेल्या गाडीचे इंजिन सोडवून फिरवावे लागते आणि फलाटालगत इंजिनांची ये-जा चालूच असते. १० जानेवारी २०२४ रोजी चारमिनार एक्सप्रेस याच टोकाच्या भिंतीस धडकली, डबे घसरले व काही प्रवासी जखमी झाले. त्या इंजिनात माणूस होता. मग रिकाम्या दिसणाऱ्या इंजिनापुढून रूळ ओलांडणाऱ्या मुलास मी काय सांगावे? ते उभे आहे की नाही, हे खिडकीत पाहून कळत नाही, एवढेच.

पोटाखालचा वाचक फलाटावरून दिसत नाही. लिंगमपल्लीच्या पुढे वाडीकडे जाताना रुळांच्या मधोमध बसविलेली खुणपट्टी मात्र दिसते. गुरुजी असते तर त्यांनी आम्हांस आधी तीच दाखविली असती.