शेजारी बसावे, हात घालू नये
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)

उद्या शनिवार आणि परवा रविवार. जव्हारच्या आणि मोखाड्याच्या सरकारी कचेऱ्यांना दोन दिवस कुलूप राहील, जिल्हा परिषदेच्या शाळा उद्या सकाळचे सत्र आटोपून सुटतील, आणि ज्या घरांत सहा वर्षांखालची मुले आहेत त्या घरांत आज संध्याकाळपासूनच विचार सुरू होईल, की या दोन दिवसांत मुलांचे करावे तरी काय. माझे सांगणे एवढ्याच प्रश्नापुरते आहे आणि ते एका वाक्यात मावते : मुलाच्या शेजारी बसावे, पण त्याच्या खेळात हात घालू नये. मला मिळालेल्या मिनिटांत मी हे वाक्य पुन्हापुन्हा उच्चारणार आहे, त्याचा कंटाळा मानू नये. कारण बालवाडीत आयुष्य घालवल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की या वाक्याचा पहिला भाग मनावर घेणारे दुसरा विसरतात आणि दुसरा मनावर घेणारे पहिला.

आठवड्याची सुट्टी ही कोणी आपण होऊन देऊ केलेली देणगी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून, हजारो सह्यांचा अर्ज करून जी मागणी मांडली, ती 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केली, तेव्हा कुठे रविवार कामगारांच्या पदरात पडला. आणि आपल्या राज्याच्या सरकारी नोकरांना तर पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून मिळाला. इतक्या खटपटीने लाभलेल्या या वेळाची आपण व्यवस्था कशी लावतो? बदलीवर इकडे आलेली कित्येक नोकरदार कुटुंबे शुक्रवारी संध्याकाळी लेकराला काखोटीला मारून नाशिकची अथवा ठाण्याची एस. टी. गाठतात आणि सुट्टीचा मोठा हिस्सा घाटाच्या वळणांवर खर्ची घालतात. जी येथेच राहतात, ती पाऊस जरा उघडला की जीप ठरवून दाभोशाच्या धबधब्याकडे निघतात. धबधबा मुलाने पाहू नये असे मी म्हणत नाही. परंतु तीन वर्षांच्या मुलाला आपल्या घराच्या पागोळ्यांखाली ओंजळ धरण्यात अर्धा दिवस पुरतो, आणि तो अर्धा दिवस आपण त्याला कधीच पुरू देत नाही, ही माझी तक्रार आहे.

हे नीट उमगावे म्हणून आपल्या घरोघरच्या आंबिलीचे उदाहरण घेते. नागलीचे पीठ संध्याकाळी पाण्यात नाहीतर ताकात कालवायचे, मडक्यावर झाकण ठेवायचे आणि रात्रभर ते तसेच राहू द्यायचे, एवढीच तिची कृती आपणां सर्वांना ठाऊक आहे. ज्या बाईला धीर नाही आणि जी पीठ आंबण्यापूर्वीच मडके चुलीवर चढवते, तिच्या वाट्याला नुसती पेज येते. आणि जी आषाढातल्या गारठ्यात तेच मडके उघड्या पडवीत टाकून निजते, तिचे पीठ सकाळी जसेच्या तसे असते. म्हणून जाणती बाई ते चुलीच्या उबेला ठेवते आणि मग मात्र त्याच्या वाटेला जात नाही. ऊब जवळ असावी आणि घाई नसावी, या दोन्ही अटी एकत्र पाळल्या म्हणजे पीठ आंबते. आणि आहारशास्त्र असे सांगते, की आंबल्यामुळे नागलीतले एरवी अंगी न लागणारे लोहासारखे क्षार शरीराला सुलभ होतात.

मुलाचे अगदी तसेच आहे. आठवडाभर त्याने अंगणवाडीत जे ऐकलेले असते, बाजाराच्या दिवशी जे पाहिलेले असते, ते सारे त्याच्या मनात नुसते कालवलेले असते. त्याचा पुढचा पाक सिद्ध होण्यासाठी त्याला रिकामा वेळ लागतो आणि जवळपास आई-बापांची ऊब लागते. मोखाड्याचा बोहाडा आठवा. फाल्गुनानंतरच्या त्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या ठेक्यावर गणपती, सरस्वती, रावण यांची सोंगे नाचत येतात आणि बापाच्या खांद्यावर बसलेले मूल निम्मे झोपेत, निम्मे भयात ते पाहत असते. त्या रात्री ते काही बोलत नाही. पुढे आषाढात, बाहेर पाय टाकता येत नाही अशा एखाद्या दिवशी, तेच मूल सागाचे रुंद पान घेते, त्याला डोळ्यांच्या जागी दोन भोके पाडते आणि ओसरीवर रावण होऊन नाचू लागते. चार महिने त्याच्या मनात जे मुरत होते ते त्या दिवशी बाहेर आले. अशा वेळी आपण काय करतो? रावणाला दहा तोंडे असतात, हे एकच पान घेऊन कसे चालेल, असे म्हणून आपण त्याला दुरुस्त करू पाहतो. किंवा मोबाइल पुढे धरून, आता पुन्हा नाच, असा हुकूम सोडतो. मूल तत्क्षणी पान टाकून देते. यालाच मी हात घालणे म्हणते. आपण शेजारी होतो हे उत्तम झाले. परंतु आपण झाकण उचलले.

ही काही माझ्या पदरची कल्पना नव्हे. ज्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, त्यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. डहाणू तालुक्यातली ती टेकडी आपल्यापासून फार लांब नाही, आणि 1 ऑगस्ट 2014 पासून तर ती व आपण एकाच पालघर जिल्ह्याच्या दफ्तरी आहोत. पाड्यावरचे मूल शाळेच्या इमारतीत येत नाही असे दिसताच त्या दोघींनी मुलाच्या हजेरीचा हट्ट धरला नाही. त्यांनी शाळाच उचलून त्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली. विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने त्यांनी मुलांच्या हाती दिली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या देशभर पोहोचल्या. मला यातून एवढेच दाखवायचे आहे, की ज्या अंगणाची योग्यता ताराबाईंसारख्या विदुषीने ओळखली, ते अंगण तुमच्या दाराशी आयतेच आहे. चिंचोके आहेत, गारगोट्या आहेत, सागाचे कोवळे पान चुरगाळले की तळहात लाल करणारा रंग आहे. खेळणी आणण्यासाठी कोणी ठाण्याला जाण्याची गरज नाही. शेजारी बसणारे माणूस मात्र हवे.

आता कोणी म्हणेल, बाई, हे सारे पगारदारांचे झाले. ज्यांच्या हातावर पोट आहे त्यांना कसला शनिवार आणि कसला रविवार? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजते. दिवाळी झाली, की आपल्या पाड्यांतली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन भिवंडी, वसई, वाडा इकडच्या वीटभट्ट्यांवर मुक्कामाला जातात, घराचे दार ओढून घेतात, आणि धाकटे मूल आईच्या पाठीशी बांधलेले असते. भट्टीवर आग पुष्कळ असते. मुलाला लागते ती ऊब तेथे कोणी द्यावी? आई चिखल मळते, बाप विटा पाडतो, आणि मूल धुळीत दिवस काढते. गावातल्या गावात पुरेसे काम मिळाले तर हे टळेल, त्यासाठी या राज्यात 1977 चा रोजगार हमीचा कायदा आहे, केंद्राच्या 2005 च्या कायद्यात तर कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुले असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी अशी तरतूद झाली होती, तिचा अंमल... पण तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, येथे सोडते.

माझे म्हणणे असे, की या कुटुंबांची सुट्टी पंचांगात वेगळ्या ठिकाणी येते. आवणी उरकली आणि पावसाची झड लागली, की चार दिवस कोणालाच बाहेर पडता येत नाही. तोच त्यांचा शनिवार-रविवार. त्या दिवसांत घरातली माणसे घरात असतात, आजी असते, घरची बोली कानावर पडत असते. शेजारी बसणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. इरले दुरुस्त करावे, दोर वळावा, उडीद निवडावेत, आणि मुलाला त्या कामाच्या कडेला बसू द्यावे. निवडलेले उडीद ते पुन्हा मिसळील, मिसळू द्यावेत. तेवढा तोटा सोसण्याजोगा आहे.

एक गोष्ट विसरून चालणार नाही, म्हणून वेळ थोडा उरला असतानाही ती सांगते. रविवारी अंगणवाडी बंद असते, तेव्हा तेथला गरम आहार त्या दिवशी मुलाला मिळत नाही. 1992 साली वावर-वांगणीच्या कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले, हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. 2015 पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे जेवण, आणि पुढे मुलांना अंडी अथवा केळी मिळू लागली. परंतु सुट्टीचा दिवस कोणत्याही योजनेच्या हाती नाही, तो आपल्या हाती आहे. लहान मुलाचे पोट लहान. त्याला थोडे थोडे, अनेक वेळा आणि सावकाश खावे लागते. कामाच्या दिवशी आईला सवड नसते, दोन घास कोंबून ती निघते. सुट्टीत तसे करू नका. मुलाला आपल्या ताटाशी बसवा, भाकरी कुस्करून द्या, आणि मग त्याला त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, वेळ लागेल, हरकत नाही. येथेही नियम तोच : शेजारी बसावे, हात घालू नये.

मोबाइलविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसवू नये. मूल गप्प राहते म्हणून जे त्याच्या हाती मोबाइल देतात, त्यांच्या घरी शांतता असते, पण ऊब नसते, आणि त्या शांततेत काहीही आंबत नाही.

बापेमंडळींना शेवटचे सांगणे आहे, आणि ते थोडे रागाने आहे. घरातली ही निवांत सुट्टी बहुधा एकटी आई उभी करते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणेचे धरण मोखाड्याच्या अंगावर आहे, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवरची बाई विहिरीच्या तळाशी हंडा घेऊन थांबलेली असते. तिने पाणी आणायचे, सरपण आणायचे, भाकऱ्या थापायच्या आणि शिवाय मुलाच्या शेजारी शांतपणे बसायचे, हा कोणता न्याय? सुट्टीच्या सकाळी पाण्याची खेप बापाने करावी, आणि परत आल्यावर त्यानेही मुलाशेजारी बसावे. बापाची ऊब निराळी असते, हे मी कित्येक मुलांच्या तोंडावर पाहिले आहे.

आजी-आजोबांविषयी, आणि जुळ्या किंवा अंगाने दुबळ्या असलेल्या मुलांविषयी बोलायचे राहून गेले. वेळ संपल्याचा समोरचा दिवा आता लागला आहे. जे वाक्य घेऊन आले तेच पुन्हा सांगून तुमची रजा घेते. उद्या मूल उठले की आधी त्याला पोटभर खाऊ घाला. मग आपले काम घेऊन त्याच्या शेजारी बसा. आणि ते जे काही करील ते त्याला पुरते करू द्या. एवढे दोनच दिवस करून पाहा, आणि जमले तर पुढच्या आठवड्यातही करा.