मुक्या जीवाचा श्वास : मांजरांचा दमा व त्यावरील उपचार



मोर्शीसारख्या गावात कापडाचे दुकान, धान्याची कोठी वा घराची ओसरी असो, मांजर हा तेथील नेहमीचाच रहिवासी. गाय-बैल आजारी पडले की पशुवैद्यांना त्वरित बोलावले जाते. मांजर खोकले, तर मात्र ‘पोटातला केसांचा गोळा असेल’ असे म्हणून विषय संपतो. हा गैरसमज कित्येकदा त्या जीवाच्या प्राणावर बेततो. कारण तो खोकला दम्याचाही असू शकतो.

दम्यात मांजर जमिनीलगत दबून बसते, मान पुढे ताणते व कोरडे खोकते. बाहेर बहुधा काहीच पडत नाही. श्वासनलिका आतून सुजतात, आकसतात व त्यांत चिकट स्राव साठतो. धूळ, विडीचा धूर, परागकण, सुगंधी फवारे, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांनी त्रास बळावतो. निजलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला सामान्यतः ३० पेक्षा कमी असतात. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर क्षणभरही वाट पाहू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

अर्थात प्रत्येक खोकला हा दमा नव्हे. फुफ्फुसातील कृमी, जंतुसंसर्ग वा हृदयविकार यांतही श्वासाचा त्रास होतो. म्हणून छातीचा एक्स-रे व पशुवैद्यांची तपासणी आधी, औषध नंतर.

या रोगात सूज कमी करणारे मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइड. या नावानेच अनेकजण दचकतात, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. गोळी वा इंजेक्शनने ते सर्वांगात पसरते व दीर्घकाळ दिल्यास मधुमेहासारखे विकार उद्भवू शकतात. तेच औषध श्वासावाटे दिले, तर ते थेट श्वासमार्गात पोहोचते व उर्वरित शरीरावरील भार पुष्कळ कमी होतो.

माणसांसाठी असा मोजून मात्रा देणारा फवारा १९५६ साली अमेरिकेतील रायकर कंपनीने प्रथम बाजारात आणला. पुढे तोच मार्ग मांजरांनाही उपकारक ठरला. त्यांच्यासाठी प्रामुख्याने फ्लुटिकासोन हे औषध वापरतात. मांजराला ‘श्वास ओढ’ असे सांगता येत नाही. म्हणून फवारा व लहानसा मास्क यांच्यामध्ये स्पेसर नावाची नळी जोडतात. फवारा दाबला की औषध नळीत तरंगते व मांजर ७ ते १० श्वासांत ते आपसूक घेते. प्रारंभी काही दिवस रिकामा मास्क दाखवून, आवडीचा घास देऊन त्याची भीती घालवावी. बळजबरी करू नये.

येथे खरी कसोटी पाळणाऱ्याची आहे. या औषधाचा पूर्ण गुण येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर पशुवैद्य गोळ्याही सुरू ठेवतात. पुढे फवारा सहसा सकाळ-सायंकाळ नियमाने द्यावा लागतो. खोकला थांबला म्हणजे रोग गेला असे नव्हे. स्वतःच्या मनाने औषध बंद केल्यास दमा उलटतो. साल्बुटामॉलचा फवारा झटक्याच्या वेळी नलिका मोकळ्या करतो, पण तो रोजच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. आणि घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊ नये. ती त्याच्यासाठी विष आहे.

मार्गदर्शनासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था विदर्भातच आहेत. जीवदया केवळ पांजरपोळाच्या दानपेटीत पूर्ण होत नाही. ओसरीवरच्या मांजराचे श्वास मोजणे, त्याच्याजवळची उदबत्ती दूर करणे आणि दोन वेळचा फवारा न चुकवणे, हीदेखील जीवदयाच होय.

जय जिनेंद्र!