अण्णांचा हिशेब आणि आईच्या कांड्या
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलंय. पण इचलकरंजीत येऊन मी मागावरच बोलणार. आपल्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, हे आपण शाळेत पाठ केलं होतं. माग चालतो कशावर, हे मात्र मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं, आणि तेही अर्धवट.

औद्योगिक अर्थशास्त्र नावाचा एक विषय होता. आम्ही कॉम्प्युटरवाले तो परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलायचो. सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर दोन रेषा काढल्या. उत्पन्नाची रेषा शून्यातून निघाली. खर्चाची मात्र वरूनच सुरू झाली, कारण एकही नग न बनवता काही खर्च होतोच. दोन्ही जिथे छेदतात तो ना-नफा-ना-तोटा बिंदू. वर्ग जांभया देत होता आणि मला आपला बीजगणिताचा तास आठवत होता. एकसामयिक समीकरणं! सर, छेदनबिंदू चुकला म्हणून तुम्ही माझा आलेख तीनदा खोडायला लावला होतात. ती रेषा कधी घरात शिरेल असं वाटलं नव्हतं.

ओळखीच्या धंद्याचा हिशेब मांडून आणायचा होता. आमचे आठ माग, खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आपली फक्त विणाई. सोयीसाठी गोल आकडे सांगते. मीटरला मजुरी मिळायची १ रुपया ८० पैसे. कामगार, वीज आणि सुटे भाग यात १ रुपया ३० पैसे जायचे. उरायचे ५० पैसे. बँकेचा हप्ता, जॉबर, दिवाणजी मिळून महिन्याला ५००० रुपये ठरलेले. म्हणजे महिन्याचे पहिले १०,००० मीटर दुसऱ्यांसाठी, त्यापुढचे आमचे. चांगल्या महिन्यात १३,००० मीटर निघायचं, १५०० रुपये सुटायचे. मंदीत ८००० वर यायचं.

सुट्टीत मी तो आलेख घेऊन रुबाबात घरी आले आणि अण्णांना म्हटलं, "मंदीत आपण १००० रुपये तोट्यात असतो. तेवढे महिने माग बंद ठेवा."

अण्णांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "बंद ठेवले म्हणून बँकेचा हप्ता थांबतोय व्हय?"

मला उत्तर सुचेना. माग बंद ठेवले तर तोटा ५००० चा, चालू ठेवले तर १००० चा! मजुरीतून बदलता खर्च भागून काही उरतंय, तोवर चालू ठेवण्यातच शहाणपण. हा नियम पुस्तकात पुढच्याच प्रकरणात होता. अण्णा सातवी शिकलेले. त्यांना तो रात्रपाळीत मागांमधून फिरता फिरता कळला होता. (मी अभ्यास एक प्रकरण आधीच थांबवला होता, ही सवय अजून गेलेली नाही.)

पण त्यांच्या वहीतही दोन गोष्टी नव्हत्या. एक घसारा. माग दरवर्षी झिजतो, तेवढे पैसे बाजूला पडले पाहिजेत, नाहीतर तो मोडेल तेव्हा नवा घेता येत नाही. नियम अल्पकाळाचा होता आणि अण्णांनी त्यावर वीस वर्षं काढली. शटललेस माग आले तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. आठही माग किलोच्या भावाने मोडीत गेले. टेम्पो निघाला तेव्हा अण्णा गल्लीच्या टोकापर्यंत मागून चालत गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे आई. पहाटे पाचला तिचं कांडी मशीन सुरू व्हायचं. त्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला, तुमच्यापैकी निम्म्यांनी असाच केला असेल. कांड्यांचा खर्च मी धरलाच नव्हता, अण्णांनीही नाही, कारण त्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नव्हते. पुढे मी बाहेरच्या कांडीवालीचा दर लावून पाहिला. चांगल्या महिन्यातले ते १५०० रुपये पुसले गेले. माझी फी ज्याला आम्ही 'मागाचा नफा' म्हणायचो त्यातून जात होती, आणि तो नफा म्हणजे आईची न दिलेली मजुरी होती.

आज पुण्यात प्रोजेक्टचा अंदाज मांडताना कुणी म्हणतं, "पोरं रात्री बसून संपवतील," तेव्हा मी विचारते, "ते तास कुठल्या रकान्यात?" मीटिंगमध्ये ते फारसं आवडत नाही. आणि खरं सांगायचं तर दोनदा मीही तो रकाना रिकामा सोडलाय.

मागच्या दिवाळीत तो जुना आलेख सापडला. आईला तिचा आकडा सांगितला. ती करंज्या तळत होती. म्हणाली, "मग एवढी वर्षं थकलेत माझे? व्याज धरलंस का?"

व्याज धरलं नव्हतं. जेवणाची पानं मांडल्याचं संयोजक मघापासून खुणावतायत, तेव्हा तो हिशेब घरी जाऊन करते.