कापडाचा तागा आणि विषाणूची कात्री



सुरतेच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील गिरण्यांत कोरे कापड रंगते, छापले जाते. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. छपाईखात्यातील कामगाराला एक गोष्ट सांगावी लागत नाही. साड्या एकेक करून छापल्या जात नाहीत. सलग ताग्यावर एकीमागून एक छापून त्या पुढे ठरलेल्या खुणेवर कापल्या जातात. कात्री खुणेवर पडली तरच साडी. ती चाललीच नाही, तर उरतो तो नुसता रंगीत तागा.

एड्सला कारणीभूत होणारा एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका याच रीतीने आपला प्रपंच चालवतो. मानवी पेशीत शिरल्यावर तो आपली बरीचशी प्रथिने सुटीसुटी घडवत नाही. अमिनो आम्लांच्या लांबलचक सलग साखळ्या विणून घेतो. या साखळ्या ठरावीक जागी कापल्या गेल्या म्हणजेच नवजात विषाणू पक्व होतो आणि दुसऱ्या पेशीला ग्रासू शकतो. कापण्याचे हे काम करणाऱ्या विकराला प्रोटिएज म्हणतात. या विकरातील एक मोक्याचे अमिनो आम्ल बदलले, तर विषाणूकण तयार होतात, पण ते बाधा करू शकत नाहीत, हे १९८८ साली प्रयोगाने दिसून आले. शत्रूचे मर्मस्थान सापडले होते.

परंतु कात्री बोथट करायची, तर आधी तिची पाती कशी आहेत ते पाहायला हवे. आणि रेणू तर सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. येथे स्फटिकशास्त्र मदतीला येते. शुद्ध विकराचे असंख्य रेणू एकाच शिस्तीत रचले गेले की स्फटिक बनतो. त्यावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणिताने प्रत्येक अणूची जागा शोधली जाते. १९८९ साली या विकराची रचना प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील काही भाग चुकीचा वाचला गेला होता. प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने घडवलेले विकर वापरून दुसऱ्या गटाने त्याच वर्षी ती चूक दुरुस्त केली. विज्ञानाची प्रतिष्ठा चूक न होण्यात नसून ती लवकर सुधारण्यात असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रचना विलक्षण निघाली. ९९ अमिनो आम्लांच्या दोन एकसारख्या साखळ्या एकमेकींना बिलगून हे विकर बनते. दोन्ही पात्यांशिवाय कात्री होत नाही, तसेच येथेही एकटी साखळी निकामी. प्रत्येकीतील पंचविसावे ॲस्पार्टिक आम्ल मध्यभागी समोरासमोर येते. वर दोन लवचीक झडपा असतात. प्रथिनाची साखळी आत शिरली की झडपा मिटतात. मग ती दोन आम्ले पाण्याच्या एका रेणूला उद्युक्त करतात. तो रेणू पेप्टाइड बंधावर चाल करून जातो, क्षणभर एक मधली अवस्था निर्माण होते आणि बंध तुटतो.

ही मधली अवस्था स्फटिकात टिपण्याचे काम मुंबईत झाले, हे मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. एम. व्ही. होसूर यांच्या गटाने, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील डॉ. स्मिता महाले यांच्या सहकार्याने, २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध केले.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला? त्या मधल्या अवस्थेचे सोंग घेणारा, पण कापता न येणारा रेणू दिला, की विकर त्याला कवटाळून बसते आणि त्याचे खरे काम खोळंबते. अशा औषधांपैकी पहिले, सॅक्विनाव्हिर, डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. इतर औषधांच्या जोडीने ही औषधे सुरू झाल्यावर १९९६ ते १९९७ या एका वर्षात तेथील एड्सचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. भारतात सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले, ते प्रथम दुसऱ्या गटांतील औषधांनी. ती निष्प्रभ ठरलेल्यांसाठी प्रोटिएजरोधक औषधे २००८ पासून मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम येथे मिळू लागली.

भारतात या विषाणूचे अस्तित्व १९८६ साली चेन्नईत उघड करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घराण्यातल्या. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावे केंद्र स्थापले आणि ज्यांना दारात उभे करायलाही लोक कचरत, अशा रुग्णांना आपले म्हटले.

आजही हा विषाणू शरीरातून समूळ जात नाही. परंतु नियमित औषधांनी रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतो. रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका घटून तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतूनही लागण होत नाही. २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णाला कामावरून काढणे वा घर नाकारणे निषिद्ध ठरवले आहे. तरीही गाव सोडून आलेला कामगार चाचणीला जाताना शंभरदा विचार करतो, तो विषाणूपेक्षा शेजाऱ्याच्या भीतीने. विषाणूची कात्री विज्ञानाने अडवली. माणसाला माणसापासून तोडणारी कात्री मात्र कोणत्याही स्फटिकात सापडत नाही. ती अडवण्याचे काम वाचणाऱ्या, जाणत्या समाजाचे आहे. शतायुषी ग्रंथालयाने पुढील शतकासाठी तेही आपले मानावे.